भट्टीला एक, पीएच मीटरला दुसरा: ऑप-अॅम्पचे इतके प्रकार आले कुठून?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमानानुसार बारीकसा व्होल्टेज देणारा सेन्सर, असतो. तो अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो. त्याच्या बोर्डावर 741 हा ऑप-अॅम्प, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणारा आयसी, बसवला आणि त्याचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही धरला जाणारा चुकीचा व्होल्टेज) 2 मिलिव्होल्ट निघाला, की तापमान जवळपास 50 अंशांनी चुकतं. आयसी बदलून पुन्हा 741च लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

ऑपरेशनल अॅम्प्लिफायर (ऑप-अॅम्प) हे नाव 1947 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन रागाझिनी आणि सहकाऱ्यांच्या निबंधातून रूढ झालं. ऑपरेशन म्हणजे गणिती क्रिया. अॅनालॉग संगणकातली बेरीज, इंटिग्रेशन यासाठी हे अॅम्प्लिफायर लागत. 1950च्या दशकातला फिलब्रिकचा के2-डब्ल्यू दोन व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) होता आणि त्याला अधिक-उणे 300 व्होल्ट द्यावे लागत. 1965 मध्ये फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलरनं 709 आणला. त्याला बाहेरून कपॅसिटर जोडले नाहीत तर तो ऑसिलेट व्हायचा, म्हणजे आउटपुट आपोआप हेलकावत राहायचं. 1968 मध्ये डेव्ह फुलागरनं 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपमध्येच घातला, तो 741. वापरायला इतका सोपा की कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही पहिला हाच हातात येतो. पण आउटपुट बदलण्याचा वेग मायक्रोसेकंदाला फक्त 0.5 व्होल्ट. आउटपुटला 10 व्होल्ट पीक हवे असतील, तर 8 किलोहर्ट्झच्या पुढे साइन वेव्ह त्रिकोणी होऊ लागते.

पुढचे प्रकार 741च्या एकेका उणिवेतून आले.

साखर कारखान्यात उसाच्या रसाचा पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध 100 मेगओमच्या घरात असतो. 741चा 80 नॅनोअँपिअर इनपुट करंट त्यातून गेला, तर हिशेबानं 8 व्होल्टची चूक. एका पीएचला मिळतात जेमतेम 59 मिलिव्होल्ट. म्हणून 1970च्या दशकात इनपुटला एफईटी, म्हणजे अगदी नगण्य करंट घेणारे ट्रान्झिस्टर, आले. जेएफईटी प्रकारच्या इनपुटच्या टीएल072चा 65 पिकोअँपिअर धरला तर चूक 6.5 मिलिव्होल्टवर येते. मात्र जेएफईटीचा हा करंट दर 10 अंशांना दुप्पट होतो. 25 अंशांवरून 45 वर गेल्यास चूक 26 मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास अर्धा पीएच. इथे मॉसफेट या दुसऱ्या प्रकारच्या एफईटीचं इनपुट असलेला सीए3140 जास्त भरवशाचा.

भट्टीसाठी 1975 चा ओपी07 योग्य. त्याच्या ई ग्रेडचा ऑफसेट जास्तीत जास्त 75 मायक्रोव्होल्ट, म्हणजे चूक दोन अंशांच्या आत. तो 741च्या सॉकेटमध्ये बसतो, पण आधी ऑफसेट शून्यावर आणणारा जुना पॉट (फिरवून बदलायचा रोध) काढायलाच हवा. 741ला तो पिन 1 आणि 5 मध्ये असतो आणि मधलं टोक उणे सप्लायला. ओपी07ला पिन 1 आणि 8 मध्ये, मधलं टोक अधिक सप्लायला. जुना पॉट तसाच राहिला तर नवा आयसीही चुकीचंच दाखवतो.

1972 चा एलएम324 741सारखे अधिक-उणे दोन सप्लाय न मागता एकाच सप्लायवर चालतो, इनपुट ग्राउंडपर्यंत घेतो. त्याचं आउटपुट मात्र वरच्या सप्लायच्या दीडेक व्होल्ट खालीच थांबतं. 5 व्होल्टवर साडेतीन. थर्मोकपलचे 900 अंशांचे 37.3 मिलिव्होल्ट शंभरपट केले की 3.73 व्होल्ट होतात. ते त्यात मावतच नाहीत. कोल्ड जंक्शन (थर्मोकपलचं बोर्डाकडचं टोक) शून्य अंशावर धरलं, तरी तापमानाचा आकडा 840च्या आसपास अडकतो. कंट्रोलरला 900 कधीच दिसत नाही, हीटर सुरूच राहतो आणि आतला माल जळतो. तिथे रेल-टू-रेल आउटपुटचाच, म्हणजे आउटपुट जवळपास सप्लायपर्यंत नेणारा, ऑप-अॅम्प लावावा, नाहीतर गेन शंभरपटीवरून 80 वर आणावा.