जमिनीत मुरलेले पेट्रोल आणि ऑक्सिजनचा हिशेब

पेट्रोल पंपाखालच्या टाकीला गळती लागली, तर तिथे खड्डा खणायचा, वास येणारी माती डंपरमध्ये भरून गावाबाहेर टाकायची आणि प्रश्न मिटला म्हणायचे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. गावाबाहेरच्या विहिरीचे काय, हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी गळालेले इंधन आपण खणलेल्या खड्ड्यापुरते थांबलेले नसते आणि कोल्हापुरात तर ते थांबण्याची शक्यता आणखी कमी असते.

इथे बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, असा क्रम लागतो. उन्हाळ्यात काळी माती फाटली, की तिच्या भेगांतून पेट्रोल सरळ मुरमात उतरते. भूजलाच्या पातळीला पोहोचल्यावर ते पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगत पसरते. पण ही पातळी स्थिर नसते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. नदी अशी फुगते तेव्हा काठच्या भागातले भूजलही चढते, तरंगणारा थर वर उचलला जातो, पूर ओसरल्यावर तो पुन्हा खाली उतरतो आणि दोन्ही वेळा वाटेतल्या कणांमधल्या बारीक फटींत स्वतःचा काही भाग अडकवून जातो. मूळचा पातळ थर अशा रीतीने कित्येक फूट जाडीच्या पट्ट्यात माखला जातो.

त्यामुळे तपासात नमुने एकाच खोलीवरून घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी भोके घेऊन थोड्या थोड्या अंतरावरची माती काढतात, तिच्यातून निघणारी वाफ यंत्राने मोजतात आणि निवडक नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरवायला किमान तीन निरीक्षण-विहिरींतील पाण्याची पातळी लागते, आणि पाषाणाच्या भेगा पाण्याला भलत्याच बाजूला नेत असल्याने आपल्याकडे तीनही पुरत नाहीत. तळहातावरचा नारळ उभा राहिला की बोअरची जागा ठरवणारे पाणाडे इथे अजून आहेत. त्यांच्या नारळाला पाणी समजत नाही, तर पाण्यातले बेंझिन समजण्याचा प्रश्नच येत नाही.

बेंझिन हा कर्करोगकारक घटक. बीएस-६ या इंधन-मानकाच्या पेट्रोलमध्ये तो आकारमानाने १ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, परंतु पेट्रोलमधल्या इतर अनेक घटकांपेक्षा तो पाण्यात सहज विरघळतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावा. त्याला खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. मग ते हे काम आपोआप का उरकत नाहीत? याचे उत्तर साध्या रसायनशास्त्रात आहे. बेंझिनच्या एका रेणूचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होण्यासाठी ऑक्सिजनचे साडेसात रेणू लागतात, म्हणजे ७८ ग्रॅम बेंझिनला २४० ग्रॅम ऑक्सिजन, ढोबळमानाने तिप्पट. एक लिटर पाण्यात विरघळून राहतो जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन, त्यामुळे तेवढ्यात अडीच मिलिग्रॅमच्या आसपास बेंझिन संपते आणि जिवाणू गुदमरतात. पुढे ते नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशा उतरत्या क्रमाने, ऑक्सिजनच्या जागी इलेक्ट्रॉन स्वीकारणारी दुसरी संयुगे वापरतात, आणि तीही संपली की मिथेन तयार होऊ लागतो. प्रत्येक पायरीला मिळणारी ऊर्जा घटत जाते आणि वेगही सहसा मंदावतो. बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर असते. त्याचे विरघळणारे रूप पाण्यात उतरते आणि असे पाणी उपसून ठेवल्यावर तांबूस होते. अर्थात तांबूस पाण्याला इतरही कारणे असतात.

आता हवेचा हिशेब पाहा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, पाण्यातल्या मात्रेच्या तीसपटीहून जास्त. म्हणूनच टाकी काढून, तरंगणारे पेट्रोल उपसून झाल्यावर भूजलाच्या पातळीच्या वर असलेल्या जमिनीच्या थरात नळ्यांमधून सावकाश हवा सोडणे हा मला सर्वांत सुंदर उपाय वाटतो. पेट्रोलची वाफ जोराने ओढूनही काढता येते, पण डिझेल फारसे उडत नाही. त्याच्यासाठी तर ही सावकाश हवाच अधिक उपयोगाची. मुरमातून ती खेळते, ओल्या काळ्या मातीतून जवळजवळ नाही, तेव्हा ती माती उकरून, भुसभुशीत करून, झाकलेल्या ढिगात हवा देत ठेवावी लागते. ‘खास जिवाणूंची पावडर’ विकणारे नेमके हेच सांगत नाहीत, की कमतरता बहुधा जिवाणूंची नसते, हवेची आणि कधीकधी नत्र-स्फुरदाची असते.

पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने या हिशेबात नवी अडचण आणली आहे. जिवाणूंना इथेनॉल अधिक प्रिय असल्याने ते आधी त्यावर तुटून पडतात, असलेला ऑक्सिजन त्यातच संपतो आणि न खाल्लेले बेंझिन भूजलाबरोबर अधिक लांब जाते. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉलचे कौतुक करताना पंपाच्या टाक्या आणि पाइपांची तपासणीही तितकीच काटेकोर हवी.

सफाई संपल्याचे ठरवताना घाई महागात पडते. यंत्रे बंद केल्यावर बारीक फटींत अडकलेले इंधन हळूहळू बाहेर झिरपते आणि शून्यावर आलेले आकडे पुन्हा वाढतात. म्हणून यंत्रे बंद ठेवून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, चढलेले भूजल खाली उतरल्यावर त्याच विहिरींतून पुन्हा नमुने घ्यावेत, आणि तेव्हाही बेंझिन मर्यादेत असेल तरच निरीक्षण-विहिरी बुजवाव्यात.