चेतापेशीचं विभवांतर ठरतं कशावरून?

विश्रांत चेतापेशीच्या आत बारीक इलेक्ट्रोड घातला, की आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असल्याचं दिसतं. आत-बाहेरच्या विद्युतदाबातला हा फरक म्हणजेच विभवांतर. आकडा किरकोळ वाटेल, पण पेशीपटल अवघं काही नॅनोमीटर जाडीचं असतं. एवढ्याशा अंतरात एवढा फरक म्हणजे दर मीटरला कोटीभर व्होल्टचं विद्युतक्षेत्र!

याचं श्रेय बहुतेक जण पेशीपटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला देतात. हा पंप तीन सोडियम आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो, हे खरं. पण विभवांतरात त्याचा थेट वाटा थोड्याच मिलिव्होल्टचा. त्याचं मुख्य काम साठे राखण्याचं: पोटॅशियम आत सुमारे तीसपट, सोडियम बाहेर दहापट. या साठ्यांतून किती विभवांतर तयार होईल, ते पटल कोणत्या आयनाला किती पार जाऊ देतं, म्हणजेच त्याच्या पार्यतेवर ठरतं.

समजा, पटलातून फक्त पोटॅशियम जाऊ शकतं. आत ते जास्त, म्हणून बाहेर पडू लागतं. जाणारा प्रत्येक आयन एक धनभार नेतो, आतली बाजू ऋण होत जाते आणि तो ऋणभार पोटॅशियमला मागे खेचतो. -९० मिलिव्होल्टच्या आसपास ही रस्सीखेच बरोबरीत सुटते. त्यासाठी इतके थोडे आयन हलावे लागतात, की आतल्या साठ्यात मोजण्याजोगा फरकही पडत नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

फक्त सोडियमला वाट दिली, तर हाच तोल +६० च्या जवळ साधतो. विश्रांतीत पोटॅशियमची पार्यता पुष्कळ, सोडियमची जरा गळती. म्हणून पेशी -७० वर थांबते.

चेतासंदेश निघतो तेव्हा नेमकं दोन पार्यतांचं हे गुणोत्तर उलटतं. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांना माकूळाच्या (स्क्विडच्या) जाड चेतातंतूत दिसलं, की संदेशाच्या वेळी विभवांतर शून्यावर न थांबता धन बाजूला जातं. १९४९ मध्ये हॉजकिन आणि कॅट्झ यांनी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तेव्हा ते शिखर खाली आलं. त्यांच्या हिशेबानुसार पोटॅशियमच्या तुलनेत सोडियमची पार्यता विश्रांतीत ०.०४ पट, तर शिखरावर २० पट. म्हणजे पाचशेपट वाढ, तीही मिलिसेकंदाच्या आत. लगेच सोडियमचे चॅनेल, म्हणजे पटलातल्या त्याच्या वाटा, बंद होतात, पोटॅशियमचे आणखी उघडतात आणि पेशी पुन्हा ऋण होते.

दात काढण्यापूर्वी दिलं जाणारं लिडोकेनचं इंजेक्शन सोडियमचे हेच चॅनेल अडवतं. दोन्हीकडचे आयन जागच्या जागी असतात, पण सोडियमला आत शिरता येत नाही आणि वेदनेचा संदेश पुढे जात नाही.