मूस तापल्यावर विचारणा: विक्रांत आणि विराटचा शेवटचा प्रवास

आमच्या विटा-खानापूर भागात ‘मोड’, म्हणजे वितळवायला काढलेला जुना दागिना, हा शब्द लहान पोरालाही कळतो. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी इथली माणसं देशभर पांगलेली. जुना दागिना मुशीत जाण्याआधी मालकासमोर तोलायचा, खडे काढून द्यायचे, आणि आजीची एखादी पुतळी घरात ठेवायची असेल तर ती तेव्हाच बाजूला काढायची, ही या धंद्यातली रीत. एकदा मूस तापली की विचारून उपयोग नसतो. आपल्या दोन विमानवाहू जहाजांच्या बाबतीत नेमकी हीच रीत पाळली गेली नाही, असं मला ही सगळी हकीकत वाचताना वाटत राहिलं.

पहिली विक्रांत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावानं बांधायला घेतलेलं हे जहाज युद्ध संपल्यावर अर्धवटच पडून राहिलं. भारतानं ते १९५७ मध्ये विकत घेतलं. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ते नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचलं. १९७१ च्या युद्धाआधी त्याच्या एका बॉयलरला तडा गेला होता. पुरता वेग घेणं शक्य नव्हतं, तरी जहाज बंगालच्या उपसागरात उतरवलं, आणि ४ डिसेंबरपासून त्याच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये स्टोकर होते. दुष्काळी गावातला पोरगा, त्याआधी पोहायलाही विहिरीतच शिकलेला. त्या दिवसांबद्दल अण्णा फार बोलत नाहीत. एवढंच सांगतात, की वरती विमान उडालं की खाली पायाखालच्या पत्र्याला कळायचं.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं, शाळांच्या सहली यायच्या. पण पाण्यात उभं असलेलं पोलाद बसून खातं. तळाचा पत्रा गंजत राहतो, त्यासाठी जहाज गोदीत कोरडं उभं करावं लागतं, आणि मुंबईच्या नौदल गोदीत चालत्या जहाजांनाच जागा पुरत नाही. केंद्र आणि राज्य यांच्यात खर्चाचा प्रश्न सुटेना. २०१२ मध्ये जहाज धोकादायक ठरून संग्रहालय बंद झालं. ते वाचवण्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती टिकली नाही. साधारण ६० कोटींना लिलाव झाला, २८ मे २०१४ ला टगनं ओढून विक्रांत मुंबईतच दारूखान्याला, जहाजं मोडतात त्या किनाऱ्यावर, नेली, सर्वोच्च न्यायालयाची आडकाठी दूर झाली आणि नोव्हेंबरात कटर लागले.

२०१६ मध्ये बजाजनं तिचं पोलाद वापरून ‘व्ही’ ही मोटरसायकल काढली. विट्याच्या एसटी स्टँडसमोर एका पोराकडं ती दिसली तेव्हा अण्णा थांबले. “बाळा, जरा बंद कर की,” म्हणाले. पोरानं गाडी बंद केली. अण्णांनी टाकीवर तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि काही न बोलता चालू लागले.

मोडण्यालाच माझा विरोध आहे, असं कुणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत, पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा, शाहू महाराजांनी दिलेल्या पन्हाळ्याच्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले. ते नांगर रानात चालले. त्या मोडीचं कुणाला वाईट वाटावं?

विराटचं दुःख वेगळं आहे, कारण विक्रांतचा अनुभव समोर होता. हे मूळचं ब्रिटिश नौदलाचं ‘हर्मीस’. १९५९ मध्ये ते सेवेत आलं आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं प्रमुख जहाज होतं. १२ मे १९८७ ला ते ‘विराट’ झालं आणि तीस वर्षं आपल्याकडं राबलं. २३ जुलै २०१६ ला मुंबईहून कोचीला गेलं, तो त्याचा स्वतःच्या वाफेवरचा शेवटचा प्रवास. परत आणलं ते ओढूनच. ६ मार्च २०१७ ला ते निवृत्त झालं.

जतन कसं करायचं याची चर्चा खऱ्या अर्थानं त्यानंतर रंगली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय आणि पर्यटन केंद्र करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ती कागदावरच राहिली. स्वतःच्या पायावर उभा राहील असा प्रस्ताव आला नाही, म्हणून जहाज मोडीत काढणार, असं २०१९ मध्ये संसदेत सांगण्यात आलं.

विशाखापट्टणमला असं झालं नाही. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली, आणि पुढच्याच वर्षी किनाऱ्यावर ओढून, पक्क्या पायावर बसवून लोकांना खुली झाली. ती लहान, ९१ मीटरची. विराट सव्वादोनशे मीटरच्या वर, हे मान्य. पण फरक फक्त आकाराचा नाही. कुरसुराला पाण्यातच ठेवलं नाही आणि तिच्या बाबतीत वेळही दवडला नाही.

गुजरातेत जहाजं मोडण्याचं मोठं ठिकाण असलेल्या अलंगच्या श्रीराम ग्रुपनं ३८.५४ कोटींना विराट घेतली. १९ सप्टेंबर २०२० ला टगनं तिला मुंबईतून बाहेर काढलं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो, अलंगचा सगळा व्यवसाय त्यावरच उभा आहे. मोठ्या उधाणाला जहाज किनाऱ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते चिखलात बसतं, मग पुढच्या टोकापासून कापत, हलकं होईल तसं विंचनं वर ओढत जायचं. २८ सप्टेंबरला विराट तशी चढवली.

एका खासगी कंपनीला ती विकत घेऊन संग्रहालय करायचं होतं. संरक्षण मंत्रालयानं ना हरकत दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० फेब्रुवारी २०२१ ला ‘जैसे थे’चा आदेश झाला. एप्रिलमध्ये न्यायालयानं याचिका निकाली काढली. तोवर चाळीस टक्के जहाज कापून झालं होतं.

ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते कधीच विराटवर नव्हते. तरी बोटांवर हिशेब घातला आणि म्हणाले, “पुढून कापत येत्यात न्हवं? मग बॉयलर रूम अजून असंल.”