आंतरपिढी गतिशीलता

आईवडिलांची मिळकत, शिक्षण आणि व्यवसाय यांवरून मुलांची पुढील मिळकत, शिक्षण आणि व्यवसाय किती प्रमाणात ठरतात, याच्या मोजमापातून आंतरपिढी गतिशीलता कळते. गरिबाघरी जन्मलेले मूल मोठेपणीही गरीबच राहण्याची शक्यता जितकी अधिक, तितकी त्या समाजातील गतिशीलता कमी मानली जाते. अर्थतज्ज्ञ हा संबंध सहसा शून्य ते एक अशा गुणकात मांडतात. गुणक ०.४ असेल, तर बापाची मिळकत सरासरीपासून जितकी दूर होती त्यातील साधारण ४० टक्के अंतर मुलाच्याही वाट्याला येते. डेन्मार्क, नॉर्वे यांसारख्या देशांत हा गुणक लहान, तर अमेरिका व ब्रिटनमध्ये त्याहून बराच मोठा आढळतो.

भारतात बहुतेकांचे पोट शेती, रोजंदारी आणि छोट्या धंद्यांवर चालत असल्याने दोन पिढ्यांच्या मिळकतीच्या विश्वासार्ह नोंदी मिळणे अवघड असते, म्हणून येथील अभ्यासात बहुधा बापलेकांच्या शिक्षणाची तुलना केली जाते. सॅम अ‍ॅशर, पॉल नोव्होसाद आणि चार्ली रॅफ्किन या अर्थतज्ज्ञांच्या संशोधनानुसार आर्थिक उदारीकरणानंतरही देशातील एकूण गतिशीलता जवळपास जागच्या जागीच राहिली. या स्थिर दिसणाऱ्या आकड्याखाली मात्र दोन उलट प्रवाह आहेत : अनुसूचित जाती-जमातींतील मुलांना वर येण्याची संधी वाढली, तर मुस्लिम मुलांची घटली.

पार्श्वभूमीचा परिणाम शाळेच्या कितीतरी आधी सुरू होतो. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर झालेला प्रयोग या बाबतीत फार मोलाचा आहे. ९ ते २४ महिन्यांच्या या मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी नेत आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे, हे आईला करून दाखवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्या मुलांत मात्र मिळकतीतला असा टिकाऊ फरक दिसला नाही. आहार अनावश्यक आहे, असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली, तेव्हा अंगणवाडीतला घास आणि अंगणवाडीतला खेळ या दोन्हींची निकड सारखीच आहे.

पैशाखेरीज ओळखीपाळखी, जात आणि वस्ती यांतूनही घरची परिस्थिती पुढच्या पिढीत कशी झिरपते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेला तरुण आधी गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवे आणि कुणा नातलगाच्या किंवा जातभाईच्या शब्दावर जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभा राहून बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) कामगार म्हणून गिरणीत शिरे. त्याचा मुलगा वयात आला की त्यालाही तीच वाट खुली असे. परक्या शहरात या माणसांना दुसरा आधार नव्हता, आणि या आधारानेच हजारो कुटुंबे जगली, हे विसरून चालणार नाही.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादर परिसरातील सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी करून २००६ मध्ये दाखवून दिले, की हाच आधार पुढच्या पिढीला अडवू लागला होता. ज्या जातींची माणसे पूर्वापार कारखान्यांतील कष्टाच्या कामांत अधिक होती, त्या जातींतील मुलगे मराठी माध्यमाच्या शाळेतच जात राहिले. कारण ज्या नोकऱ्या ओळखीने मिळणार होत्या त्यांना इंग्रजीची गरज नव्हती. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. नव्वदच्या दशकात पांढरपेशा नोकऱ्यांत इंग्रजीची किंमत वाढत असताना या मुलग्यांची वाट मात्र जुन्याच दाराशी जात होती. त्यांच्या बहिणींचे तसे झाले नाही. गिरणीच्या भरतीत मुलींना फारसे स्थान नसल्याने त्यांना गमावण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे इंग्रजी माध्यमाकडे त्या वेगाने वळल्या आणि मुलींमधले जातीजातींतले अंतर झपाट्याने कमी झाले. या निष्कर्षाचा दोष मराठी भाषेवर टाकणे अन्यायाचे आहे, कारण लहान मुलाला विषय सहज कळतो तो घरच्या भाषेतच. दार बंद केले ते नोकरीच्या बाजाराने.

मुलाची वस्तीच बदलली तर भविष्य बदलते, हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जागा आणि पैसा दिला, तर १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही शाळेइतकेच महत्त्व वसतिगृहाला होते. खेड्यातल्या मुलाला तेथे दिवाबत्ती, अभ्यासाची वेळ आणि शिकणारे सोबती मिळत, जे घरी मिळणे शक्य नव्हते.

हाच प्रश्न आज ऊसतोड कामगारांच्या मुलांपुढे उभा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्यात परतते. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत येते. आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेलेले मूल पाचटाच्या कोपीत (झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळते, थोडे मोठे झाले की मोळ्या बांधू लागते, आणि उचल फिटली नाही तर तिचा भार पुढच्या हंगामावर चढतो. कारखान्यांजवळच्या साखरशाळांनी या मुलांना अक्षरओळख दिली, पण मुक्काम हलला की शिक्षणही तुटे. त्यामानाने हंगामी वसतिगृहाची योजना अधिक उपयोगाची ठरते, कारण तिच्यात मूल गावातच राहते. अनेक ठिकाणी त्याला दोन वेळचे जेवण योजनेतून मिळते, ते रात्री आजीजवळ झोपते आणि सकाळी आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात जाऊन बसते.