किमान सरकार (शेतकरी संघटनेची भूमिका)

कायदा-सुव्यवस्था, न्याय आणि संरक्षण एवढेच सरकारने पाहावे. शेती, व्यापार, भाव यांत लुडबूड करू नये, असे मानणारा विचार. राजगोपालाचारी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने (1959) तो परमिट राजविरुद्ध, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागण्याच्या पद्धतीविरुद्ध मांडला. 1967 मध्ये या पक्षाचे 44 खासदार लोकसभेत गेले, 1974 मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रात हा विचार बांधावर आणला तो शरद जोशी (1935–2015) यांच्या शेतकरी संघटनेने.

संघटनेचे म्हणणे थोडक्यात असे: सरकार प्रश्न सोडवत नाही, सरकार हाच प्रश्न आहे. विदर्भातल्या कापूसवाल्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1972 पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग, ग्रेडर ठरवील ती प्रत, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने. कांद्याचे भाव चढले की निर्यातबंदी, साखरेवर लेव्ही, म्हणजे कारखान्यांनी काही साखर सरकारला स्वस्तात देण्याची सक्ती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत अनुदानालाही नकार होता, हे पुष्कळदा विसरले जाते. कर्ज रद्द करा म्हणणाऱ्यांनी सरकार लहान करा कसे म्हणावे, हा आक्षेप नेहमीचा. त्यावर उत्तर असे, की भाव पाडून तोटा सरकारनेच लादला, तेव्हा भरपाईही त्यानेच द्यावी. कोरडवाहू शेतकरी खुल्या बाजारात एकटा कसा टिकेल, या टीकेला मात्र इतके चोख उत्तर मिळाले नाही.

निवडणुकांशी संघटनेचे नाते अवघडच राहिले. मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे जोशी सुरुवातीच्या काळात सांगत. पुढे त्यांनी वि. प्र. सिंग यांना साथ दिली, सिंग पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपदही घेतले आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. विरोधकांनी जोड्याचे ते वाक्य त्यांना जन्मभर ऐकवले. सभांना लाखोंची गर्दी, पण मतपेटीत ती उतरत नसे. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यातून पक्षाचे वामनराव चटप विधानसभेवर निवडून आले, असे यश विरळाच.

खरी गोची कायद्यात होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 1989 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 29-अ नुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने समाजवादावर निष्ठा व्यक्त करावी लागते. म्हणजे समाजवाद नको म्हणून काढलेल्या पक्षालाही आधी त्याची शपथ! राज्यसभेत असताना (2004–2010) जोशींनी हा शब्द वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले. कायदा बदलला नाही.

जोशींनंतरही संघटनेचा भर मतपत्रिकेपेक्षा कायदेभंगावर राहिला. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे तिच्या कार्यकर्त्यांनी मंजुरी नसलेले एचटीबीटी (तणनाशक सहन करणारे, जनुकबदल केलेले) कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले.