सॉकेट, विनसॉक आणि ‘इफडेफ’ची जागा : पार्श्वभूमी

कोल्हापुरातील शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात यंत्राजवळचा संगणक लिनक्सवर आणि हिशेबाच्या खोलीतला विंडोजवर चालत असेल, तर दोन्हीकडे चालणारा सी प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो प्रणालीनिहाय वेगळा कोड कुठे ठेवायचा हा.

१९८३ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्सने सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरून बोलण्यासाठी प्रोग्रामने उघडलेले जोडणीचे टोक, आणले. तेथे सॉकेट हा फाइलसारखाच एक पूर्णांक होता आणि तो बंद करायला फाइलचेच ‘क्लोज’ पुरत होते. जानेवारी १९९३ मध्ये आलेल्या विनसॉक १.१ ने, म्हणजे सॉकेटच्या विंडोजवरील रूपाने, बर्कलेची बहुतेक नावे कायम ठेवली, पण आधी ‘डब्ल्यूएसएस्टार्टअप’ हे फंक्शन बोलावण्याची अट घातली, बंद करायला ‘क्लोजसॉकेट’ दिले आणि सॉकेटचा प्रकार चिन्हरहित (ऋण संख्या न मावणारा) केला. या शेवटच्या बदलामुळे ‘शून्याहून कमी आहे का’ ही सॉकेट उघडता आले नाही हे ओळखण्याची, युनिक्सवाल्यांच्या अंगवळणी पडलेली तपासणी तेथे कधीच खरी ठरत नाही, आणि नेहमीच्या पर्यायांवर कंपायलर बहुधा गप्प राहतो. माझ्या मते सगळ्या फरकांत घातक हाच.

उपाय म्हणून हाताशी होता तो प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी कोडवर हात फिरवणारा टप्पा. १९७२-७३ च्या सुमारास तो सी भाषेत आला तेव्हा त्याला फक्त फाइल जोडणे आणि साधी शब्दबदली येत असे. सशर्त संकलनाची, म्हणजे ‘इफडेफ’सारखी अट पुरी झाली तरच कोडचा तुकडा कंपायलरकडे देण्याची, सोय माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी नंतर वाढवली. सोय झाली आणि फंक्शनांच्या पोटात इफडेफची दाटी झाली. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्ये, सी न्यूज या आपल्या यूजनेट-बातम्यांच्या सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून, हे फरक समान इंटरफेसमागे स्वतंत्र फाइलींत ठेवावेत असे आग्रहाने मांडले. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने प्रणालीचे नाव विचारण्याऐवजी सुविधा आहे का हे तपासण्याची पद्धत रुजवली.

तिचे मोल एका उदाहरणात दिसते. समोरच्याने जोडणी तोडल्यावर येणारा सिगपाइप (प्रोग्राम बंद पाडू शकणारा संकेत) टाळायला लिनक्सवर ‘एमएसजी_नोसिग्नल’ आहे, मॅकओएसवर ‘एसओ_नोसिगपाइप’ आणि बीएसडीतून निघालेल्या फ्रीबीएसडीवर दोन्ही. त्यामुळे प्रणालींची यादी करण्यापेक्षा तो मॅक्रो (प्रीप्रोसेसरला ठाऊक असलेले असे नाव) परिभाषित आहे का एवढेच विचारणे अचूक ठरते.

अनेक सॉकेटवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा, फ्रीबीएसडीची केक्यू २००० मध्ये आणि लिनक्सची ईपोल २००२ मध्ये, आल्या तेव्हा मात्र फरक ओळीपुरता उरला नाही. तीस-चाळीस यंत्रांना याच कामाचे जुने ‘सिलेक्ट’ पुरते, जरी विंडोजवर त्याची मूळ मर्यादा ६४ सॉकेटची आणि लिनक्सवर १०२४ ची असली तरी. त्यापुढे जायचे असेल तर हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) एकच ठेवून प्रत्येक यंत्रणेची वेगळी सी फाइल लिहावी आणि तिची निवड मेकफाइलवर, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलवर, सोपवावी.