मतदार ओळखपत्र आणि टपाली मतदान (मुंबई)

मतदार ओळखपत्र म्हणजे निवडणूक आयोगाचं फोटोवालं कार्ड, मुंबईत सर्रास वोटिंग कार्ड किंवा इलेक्शन कार्ड. टपाली मतदान म्हणजे आपल्या बूथवर न जाता मत द्यायची सोय, आणि ती मोजक्याच लोकांना मिळते. दोन्हीचे नियम देशभर सारखेच (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, निवडणूक संचालन नियम १९६१). महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, ती इथे धरलेली नाही.

कार्ड कोणी आणलं यावर दोन मतं दिसतात. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आणलं असं सगळेच म्हणतात, आणि ऑगस्ट १९९३ चा आदेश त्यांचाच, कार्डं दिली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही हा दमही त्यांचाच. पण कायद्यात तशी तरतूद १९५८ च्या सुमारासच झाली होती, १९६० मध्ये कलकत्त्याच्या एका लोकसभा पोटनिवडणुकीत प्रयोगही झाला आणि तो फसला, कारण बऱ्याच बायकांनी फोटोग्राफरसमोर यायला नकार दिला आणि कितीतरी लोक घरी सापडलेच नाहीत. पुढे १९७९ मध्ये सिक्कीममध्ये कार्डं वाटली गेली. त्यामुळे कल्पना जुनी, देशभर रेटून नेली शेषननी, असं धरणं जास्त बरोबर वाटतं. मोबाईलवर डाउनलोड होणारं ई-कार्ड २५ जानेवारी २०२१ पासून आलं.

कार्ड नसलं म्हणून मत जात नाही. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक वगैरे चालतं, पण यादीत नाव हवंच. नुसती मतदार चिठ्ठी २०१९ पासून पुरावा म्हणून चालत नाही, पक्षाच्या टेबलावरची तर नाहीच. मोबाईल आत न्यायला बंदी असल्यामुळे डिजिलॉकर या सरकारी अॅपमधलं कार्ड दाखवता येत नाही. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे प्लास्टिकचं कार्ड खिशात ठेवलेलं बरं.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर ओळख पटवून टेंडर्ड वोट (सरकारी भाषेत प्रदत्त मत) देता येतं. ते मशीनवर न देता कागदी मतपत्रिकेवर द्यायचं, ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि एरवी मोजलीच जात नाही. समोरचा माणूस तोतया आहे असं उमेदवाराच्या बूथवरच्या एजंटला वाटलं तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. ही फी अजूनही दोनच रुपये आहे.

अमेरिकेत असतं तसं कोणीही आधी जाऊन मत देऊन यायचं, हे आपल्याकडे नाही. टपाली मत लष्करातले सर्व्हिस वोटर, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतले लोक, अधिसूचित अत्यावश्यक सेवांतले लोक, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले आणि ८५ च्या पुढचे यांना मिळतं. वयाची अट २०१९ मध्ये ८० होती, मार्च २०२४ मध्ये ८५ झाली. ज्येष्ठ आणि अपंगांना घरून मतदानासाठीचा अर्ज, म्हणजे फॉर्म १२ड, निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, मग मतदानाच्या दिवसाआधी पथक घरी येतं, सोबत पोलीस आणि व्हिडिओवाला. घरून मतदान घेतलं की त्या मतदाराला बूथवर मत देता येत नाही. परदेशातल्या भारतीयांना मात्र स्वतः येऊनच मत द्यावं लागतं.

टपाली मतांचं वजन मुंबईत नीट कळलं ते २०२४ च्या लोकसभेला, मुंबई उत्तर-पश्चिममध्ये. मशीनच्या मोजणीत ठाकरे गटाच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि शिंदे गटाच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४, म्हणजे फरक एका मताचा. टपालात वायकर १,५५० आणि कीर्तिकर १,५०१, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. जिंकण्याचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर बाद मतं पुन्हा तपासायची असा आयोगाचा नियम आहे, त्यामुळे तिथे तीही तपासली गेली. कीर्तिकर यांची याचिका उच्च न्यायालयात गेली, तीत टेंडर्ड मतांचाही मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली.